दारवाल्याच्या चित्रातलं कुणीतरी

चित्रसंग्रहालयातून बाहेर पडायच्या वाटेवर एक लाकडी पेटी होती आणि पेटीशेजारी चिठ्ठ्यांचा गठ्ठा. प्रत्येक चिठ्ठीच्या माथ्यावर एकच प्रश्न छापलेला : तुमचा सगळ्यात आवडता चित्रकार कोण, आणि का? तीन मजले चढून-उतरून माणसांच्या पायांचे तुकडे पडलेले असत, तरी लिहायला रांग लागायची. कुणी आपलं मत विचारलं की माणसाच्या अंगात कुठून बळ येतं कोण जाणे!

चित्रकारांची खरी नावं कुणाच्या लक्षात राहत नसत, म्हणून लोकांनी त्यांची परस्पर बारशी करून टाकली होती. लढाया रंगवणारा तो घोडेवाला. 'घोडेवाला आवडतो, कारण त्याच्या शंभर घोड्यांत एकाचं तोंड दुसऱ्यासारखं नाही,' असं एका शिक्षिकेनं लिहिलं होतं आणि पुढे, 'मला वर्गातली चाळीस तोंडं वेगळी ओळखता येत नाहीत.' फळवाल्याबद्दल बहुतेकांचं म्हणणं एकच, की भूक लागते. एका पठ्ठ्यानं आवडता चित्रकार म्हणून स्वतःचंच नाव लिहून खाली झोकात सही ठोकली होती. 'का' या रकान्यात होतं, 'बाकीच्यांना पुष्कळ संधी दिली.'

पण सगळ्यात जाड गठ्ठा असायचा दारवाल्याच्या नावाचा. हा गृहस्थ जन्मभर नुसत्या खोल्या रंगवत बसला. खोली, टेबल, भिंत आणि एक उघडं दार. त्याची अकरा चित्रं तिथे होती आणि अकरांत मिळून एक माणूस नाही. तरी त्याच्या चौथ्या चित्रासमोर गर्दी हलायची नाही. 'दारात कुणीतरी आहे,' लोक लिहायचे. 'आई असावी. रागावलेली नाही.' 'माझा भाऊ आत येण्याआधी असाच थबकायचा.' 'कोण आहे ते दिसत नाही, पण त्याला आत ये म्हणावंसं वाटतं.' 'भीती वाटते. तरी दर रविवारी येते.'

संग्रहालयाचे संचालक, म्हणजे सगळ्यांचे साहेब, यावर छान भाषण करायचे. "दारवाल्यानं माणूस कधी काढलाच नाही," ते म्हणायचे, "माणूस तुम्ही घरून घेऊन येता." मग टाळ्या पडायच्या. साहेब माणूस वाईट नव्हता, फक्त टाळ्यांची सवय लागलेला होता.

वरच्या मजल्यावर, उत्तरेच्या मोठ्या खिडकीखाली, चित्रं दुरुस्त करणाऱ्या बाई बसायच्या. काडीला कापूस गुंडाळायचा, बाटलीतल्या द्रावणात बुडवायचा आणि जुन्या चित्रावरचा मळ बोटाच्या पेराएवढा-एवढा पुसत जायचा, हे त्यांचं काम. हे काम त्या मास्तरांकडून शिकल्या. मास्तर म्हणजे त्यांचे यजमान, आधी त्याच टेबलावर बसणारे. जाऊन पाच वर्षं झाली होती. त्यांनी तीन गोष्टी बाईंच्या डोक्यात हातोडीनं ठोकून बसवल्या होत्या. दुसऱ्याच्या चित्रात आपला हात दिसता कामा नये. आपण जो रंग भरू तो पुढच्या माणसाला पुसून काढता आलाच पाहिजे. आणि केलेली प्रत्येक गोष्ट वहीत लिहायची, मग ती शिंकेएवढी का असेना.

बाईंनी हे सगळं पाळलं. त्यांनी एकच गोष्ट केली नव्हती : चौदा वर्षांत त्यांनी दारवाल्याच्या दालनात पाऊल टाकलं नव्हतं. उघडं दार त्यांना बघवत नसे. घरातही सगळी दारं लोटून घेतलेली असायची, दिवसाउजेडीसुद्धा.

त्याला कारण होतं. त्यांची एकुलती एक मुलगी नवव्या वर्षी तीन दिवसांच्या तापानं गेली. पायाला सदा भिंगरी, म्हणून घरात तिला भिंगरीच म्हणत. ताप भरला त्या दुपारी बाई स्वयंपाकघराची फरशी पुसत होत्या. भिंगरी दारात येऊन म्हणाली, "आई, अंग दुखतंय." बाई मान वर न करता म्हणाल्या, "फरशी ओली आहे. तिथेच थांब." आणि एरवी एक शब्द न ऐकणारी ती पोर थांबली. एका पायावर उभी राहून दुसऱ्या पायानं पोटरी घासत, फरशी वाळेपर्यंत थांबली. डॉक्टर पुढे म्हणाले की त्या पाव तासानं काही बिघडलं नव्हतं. डॉक्टरांचं काय जातंय बोलायला!

मास्तर चौथ्या दिवशी कामावर गेले. डोळ्यांतून टिपूस नाही. बाईंनी ती गोष्ट मनात धरली आणि धरून ठेवली. तीन वर्षं त्यांनी काम सोडून घरी काढली, मग परत टेबलाशी आल्या. पण नवराबायकोत मुलीचं नाव पुन्हा निघालं नाही. मीठ कमी आहे, पंखा आवाज करतो, बाटलीचं बूच घट्ट बसलंय, एवढ्यावर संसार चालला. रोज जेवणाच्या सुट्टीत मास्तर डबा घेऊन खाली दारवाल्याच्या दालनात जायचे आणि तिथल्या बाकावर एकटे जेवायचे. बाईंना वाटायचं, माझं तोंड चुकवतात. दगड आहे हा माणूस, असंच म्हणत त्यांनी त्यांना शेवटचा निरोप दिला होता.

आणि आता दारवाल्याच्या जन्माला शंभर वर्षं होत होती. साहेब त्याच्यावर जाडजूड पुस्तक लिहीत होते. अकराही चित्रं साफ करून पुस्तकासाठी त्यांचे फोटो काढायचं ठरलं. पहिली तीन बाईंनी दाराकडे शक्य तितकं न बघता उरकली आणि एका सोमवारी सकाळी शिपायांनी चौथं चित्र आणून बाईंच्या टेबलावर ठेवलं.

बाईंनी वही काढली. चौदा वर्षांपूर्वीची नोंद मास्तरांच्या नेटक्या अक्षरात होती : 'डावा खालचा कोपरा. उडालेला रंग भरला.' बस्स. मग त्यांनी खिडकीचे जाड पडदे ओढून खोलीत अंधार केला आणि जांभळा दिवा लावला. या दिव्याखाली जुनं व्हार्निश हिरवट चमकतं आणि त्यावर नंतर कुणी रंग लावला असेल तर तो भाग काळा पडतो. लपवलेली दुरुस्ती पकडायची ही नेहमीची रीत.

सगळं चित्र हिरवं उजळलं. डावा कोपरा काळा दिसला, वहीत होता तसा. आणि दारात, त्या हिरव्या उजेडात, एक मूल काळं होऊन उभं राहिलं. डोकं, खांदे, फ्रॉकचा घेर. एक पाय जमिनीवर आणि दुसरा वाकवून पोटरीला लावलेला.

बाईंनी दिवा बंद केला, पडदे सारले, भरपूर उजेड आत घेतला. उजेडात दारात पिवळट काळोख होता आणि काळोखात, आहे म्हटलं तर आहे, नाही म्हटलं तर नाही, असं काहीतरी. त्याच रंगाच्या जेमतेम एक छटा उजळ. भिंगात बघितलं तेव्हा ब्रशचे फटके ओळखू आले. डावरा हात, वर जाताना किंचित थांबणारा. वीस वर्षं त्या या हाताच्या शेजारी बसल्या होत्या.

त्यांच्या मनात पहिलं जे आलं ते चांगलं नव्हतं. ह्यांना माहीत होतं तर. त्या दुपारी हे घरीच, पलीकडे टेबलाशी बसलेले होते, सगळं बघत होते, आणि तोंडानं बोलायची हिंमत नव्हती म्हणून माझा गुन्हा भिंतीवर टांगून ठेवला. रोज तिथे बसून जेवत होते, माझ्या गुन्ह्यासमोर! बाईंनी रागानं चित्र उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवलं.

पण तसं केल्यावर खोलीत काम होईना. पाठीमागे कुणीतरी भिंतीकडे तोंड करून उभं आहे, शिक्षा केल्यासारखं, असं सारखं वाटायला लागलं. अर्ध्या तासात बाईंनी चित्र पुन्हा सरळ केलं. मग त्यांच्या लक्षात आलं की टेबलावरून बाटल्यांकडे जाताना आपण वळसा घालून जातोय, चित्रातल्या दारासमोर उभं राहायचं टाळतोय, न जाणो कुणाला आत यायचं असलं तर आपण मधे यायला नको.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मोठं भिंग लावलं आणि तोंड बघितलं. अंगठ्याच्या नखाएवढं ते तोंड. मास्तरांनी ते इतक्या निगुतीनं काढलं होतं की बघणाऱ्याचा श्वास अडकावा. त्या तोंडावर तक्रार नव्हती. खालचा ओठ एका बाजूला दुमडलेला होता. काहीतरी चहाटळपणा सुचला की भिंगरीचा ओठ असा दुमडायचा आणि मग ती बोलायची. आईनं थांब म्हटलंय, म्हणून गंमत म्हणून थांबलेली पोर होती ती. मास्तरांनी त्या दुपारची तीच पोर बघितली होती का, की बायकोसाठी तशी करून ठेवली होती, हे आता विचारायला कुणी नव्हतं. बाई टेबलावर डोकं टेकून रडल्या. ज्या माणसाला चौदा वर्षं दगड म्हटलं, त्यानं दगडासारखं गप्प राहून हे केलं होतं.

रडून झाल्यावर कारागीर जागा झाला. हा रंग निघतो की नाही? निघत नसेल तर प्रश्नच मिटला. बाईंनी काडीला कापूस गुंडाळला, बुडवला आणि फ्रॉकच्या अगदी कडेला, केसाएवढ्या जागेवर, टेकवला. मनात म्हणत होत्या, निघू नको, निघू नको. कापसावर तपकिरी डाग उतरला, अलगद. मास्तरांनी तिला जुन्या व्हार्निशच्या वर, पुसता येईल अशाच रंगात काढलं होतं. आपला हात दिसता कामा नये हा नियम मोडला, वहीत लिहायचं टाळलं. पण पुढच्याला पुसता आलं पाहिजे, एवढा मात्र त्यांच्याच्यानं मोडवला नाही. आणि पुढचं माणूस कोण असणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

गुरुवारी साहेब वर आले. बाईंनी त्यांना जांभळ्या दिव्याखाली चित्र दाखवलं. दाखवणं भागच होतं. साहेब खुर्चीवरून उठले, बसले, परत उठले.

"बाई! अहो बाई! हे मूल आहे! मुलगी आहे!"

"साहेब, हा रंग नंतरचा आहे."

"नंतरचाच! म्हणजे तो परत आला. चित्र पुरं करून, व्हार्निश लावून झाल्यावर, कितीतरी वर्षांनी परत आला आणि तिला काढलं. तुम्हाला माहीत आहे, त्याची एक बहीण लहानपणी गेली होती? हीच ती! उगीच नाही लोक वेडे होत या चित्रासाठी. जन्मभर ज्यानं माणूस काढला नाही, त्यानं एकदाच काढला, आणि लपवून!"

"साहेब, तसं नाही ते..."

"तर कसं?"

आता सांगायचं होतं. चार शब्द पुरले असते. ही माझी मुलगी आहे. बाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. चौदा वर्षं जो शब्द घरात उच्चारला नव्हता, तो साहेबांच्या पुढ्यात, जांभळ्या दिव्यात, कसा निघणार? त्यांनी नुसती मान हलवली. साहेबांना वाटलं, बाई भारावल्या.

"सोमवारी फोटोवाला येतोय," ते म्हणाले. "या भागाला हात लावू नका. आजूबाजूचं साफ करा, ही तशीच ठेवा. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर हीच. आणि चिठ्ठी लावू खाली : चित्रकाराची बहीण."

ते गेले, आणि बाई त्या दोन शब्दांपाशी बसून राहिल्या. चित्रकाराची बहीण. म्हणजे भिंगरी राहणार होती. भिंतीवर, पुस्तकावर, लोकांच्या घरी. फक्त ती भिंगरी असणार नव्हती. कुठल्याशा मेलेल्या माणसाची कुठलीशी बहीण म्हणून, दुसऱ्याच्या घरच्या दारात, दुसऱ्याच्या नावानं ती कायमची उभी राहणार. लोक तिच्याकडे बघून म्हणणार, बिच्चारा चित्रकार! आणि खरं सांगून टाकलं, तर मास्तर लबाड ठरणार. संग्रहालयाच्या चित्रावर स्वतःची पोर काढणारा दुरुस्तीवाला म्हणून त्यांचं नाव सगळ्या धंद्यात होणार. मग नियमाप्रमाणे ती पुसलीही जाणारच, कदाचित बाहेरून बोलावलेल्या कुणाकडून. हात न थरथरणाऱ्या कुणाकडून.

ठेवायची तर ती परक्याची. आपली म्हणायची तर परक्याच्या हातून पुसली जाणारी. बाई शुक्रवारभर हेच उलटंपालटं करत राहिल्या. शनिवारी सकाळी त्यांनी हात स्वच्छ धुतले, पडदे पूर्ण उघडले, काड्यांना कापूस गुंडाळून तीस काड्या ओळीनं मांडल्या आणि खुर्ची पुढे ओढली.

पायांपासून सुरुवात केली. आधी जमिनीवरचा पाय, मग वाकवलेला. फ्रॉकला वेळ लागला, तो दोन थरांत होता. मास्तरांनी घेराच्या चुण्यासुद्धा काढल्या होत्या. काडी तपकिरी झाली की बाजूला ठेवायची, नवी घ्यायची. रंगाबरोबर पिवळं व्हार्निशही निघत होतं आणि खालून दारवाल्याचा स्वतःचा काळोख वर येत होता, थंड, निळसर, खोल. चांगला काळोख होता, नाव ठेवायला जागा नव्हती. बाईंना त्या काळोखाचा मनापासून राग आला.

तोंड शेवटी ठेवलं होतं. जिवंतपणी भिंगरीचं तोंड पुसायचं म्हणजे घरात लढाई जुंपायची. ती टेबलाखाली शिरायची, बापाच्या मागे लपायची, ओल्या फडक्याला चावायची. आता ती हलली नाही. बाईंनी नवा कापूस घेतला. "झालं हं, झालंच," असं त्या पुटपुटत होत्या, आणि आपण मोठ्यानं बोलतोय हे त्यांना कळत नव्हतं. कपाळ, गाल, हनुवटी. दुमडलेला ओठ सर्वांत शेवटी निघाला.

दुपारी साहेब नुसतेच डोकावले आणि दारातच खिळले.

"बाई, हे काय केलंत?"

"दुरुस्ती होती, साहेब. व्हार्निशच्या वरची. नियमाप्रमाणे काढली."

"कुणाची दुरुस्ती?"

"वहीत नोंद नाही."

साहेब लाल झाले, पांढरे झाले, पण नंतरचा रंग काढायचा हा नियम त्यांच्याच सहीचा होता. पुस्तकातलं प्रकरण गेलं, मुखपृष्ठ गेलं. शेवटी त्यांनी एवढाच हुकूम काढला : कुणी विचारलंच तर सांगायचं, पूर्वी व्हार्निश पिवळं पडलं होतं म्हणून भास व्हायचा.

चित्र दालनात परत गेलं. पेटीतल्या चिठ्ठ्या महिन्याभरात बदलल्या. दारवाल्याचा गठ्ठा पातळ झाला, घोड्यांनी आणि फळांनी पुन्हा उचल खाल्ली. 'छान आहे, पण पूर्वीसारखं वाटत नाही,' असं रविवारी येणाऱ्या त्या घाबरट बाईनं लिहिलं आणि मग ती यायची बंद झाली. दारवाला काही कमी नव्हता. पण लोक तासन्‌तास ज्याच्यासाठी उभे राहत होते ते काय होतं, हे आता संग्रहालयात एकाच माणसाला माहीत होतं.

आणि ते माणूस आता रोज जेवणाच्या सुट्टीत त्या बाकावर जाऊन बसत होतं. बाई डबा उघडायच्या, दाराकडे बघायच्या. काही दिसत नसे. लोकांना नसलेलं दिसत होतं म्हणे. बाईंना, इतकं डोळे फोडून बघितलं तरी, नुसता निळसर काळोख दिसायचा. आपण चूक केली, असं त्यांना दर दिवशी एकदा तरी वाटायचं. पुष्कळदा दोनदा.

एका बुधवारी एक म्हातारा येऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. घड्याळं दुरुस्त करणारा होता. खिशातून भिंगाची दोरी लोंबत होती. दर बुधवारी दुकान बंद असलं की तो यायचा, पहारेकरी त्याला ओळखून होता. त्यानं चष्मा पुसला, चित्राकडे बघितलं, परत चष्मा पुसला.

"इथं दारात कुणीतरी होतं," तो म्हणाला. "मी सात-आठ वर्षं बघतोय. कुठं गेलं?"

"व्हार्निश पिवळं होतं," बाई म्हणाल्या, "त्यामुळे तसा भास..."

"भास नाही हो. बारीक बघण्यात जन्म गेला माझा. पोर होती. पोटरी घासत उभी असायची. तिला बघितलं की मला आपलं बरं वाटायचं. घरी कुणी नाही माझ्या." त्यानं बाईंकडे बघितलं. "तुम्हाला माहीत असेल, तुम्ही इथल्या दिसता. कुणाची होती ती?"

बाईंनी डब्याचं झाकण लावलं. मग काढलं, मग परत लावलं.

"माझी," त्या म्हणाल्या. "माझी मुलगी होती. ह्यांनी काढली होती. मी पुसली."

का पुसलीत, असं म्हाताऱ्यानं विचारलं नाही, त्याबद्दल बाई त्याच्या जन्मभर ऋणी राहिल्या. त्यानं हळूच एवढंच विचारलं, "नाव काय हो तिचं?"

बाईंनी सांगितलं. घरातलं नाही, खरं, शाळेच्या हजेरीपटावरचं. चौदा वर्षांत पहिल्यांदाच ते नाव तोंडातून बाहेर पडत होतं, आणि पडलं ते इतक्या मोठ्यानं, की दालनाच्या टोकाला पेंगत असलेला पहारेकरी दचकून, कोण कुणाला हाक मारतंय ते बघायला वळला.